पेमिकन : बायसनच्या मांसाची शिदोरी

आधी एक कोडे. उत्तरेकडील बर्फाळ जंगलात एक माणूस अडकला आहे. जवळचे धान्य संपले आहे, पण सापळ्यात रोज दोन-तीन ससे सापडतात. तो ते भाजून पोटभर खातो. आठवड्याभरात त्याला डोकेदुखी, अतिसार आणि विलक्षण थकवा जाणवू लागतो. खाल्ल्यावरही भूक शमत नाही. काही आठवड्यांत तो खंगत जातो. पोट भरलेले असताना माणूस उपाशी मरू शकतो का?

मरू शकतो. उत्तर अमेरिकेच्या उत्तर भागातील लोकांना ही गोष्ट फार पूर्वीपासून ठाऊक होती. इंग्रजीत या विकाराला ‘सशांची उपासमार’ अशा अर्थाचे नावच आहे. त्यावरचा उपायही त्याच खंडातील लोकांनी शोधून काढला होता. तो उपाय म्हणजे पेमिकन : वाळवून कुटलेले जंगली जनावराचे मांस आणि कढवलेली चरबी यांचे मिश्रण. या साध्या पदार्थात पदार्थविज्ञान, रसायन, जीवशास्त्र आणि थोडे अंकगणित असे सारे दडलेले आहे. तुम्ही मांस खात असा वा नसा, त्यामागचे नियम आपल्या स्वयंपाकघरातलेच आहेत.

बायसनचा देश

आजच्या कॅनडाच्या व अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांच्या मध्यभागी लाखो चौरस किलोमीटर पसरलेली गवताळ मैदाने आहेत. तेथे बायसन या जंगली जनावराचे प्रचंड कळप चरत असत. आपल्याकडे राधानगरीच्या अभयारण्यातील गव्यालाही काही जण बायसन म्हणतात, पण गवा हा वेगळा प्राणी आहे. अमेरिकन बायसनच्या डोक्यावर व खांद्यांवर दाट केस असतात, पाठीवर मोठे मदार असते, आणि पूर्ण वाढलेल्या नराचे वजन ९०० किलोग्रॅमपर्यंत जाते.

क्री, ब्लॅकफूट, लाकोटा अशा अनेक जमाती या जनावरावर जगत. पुढे युरोपीय पुरुष व स्थानिक स्त्रिया यांच्या वंशजांचा मेटी नावाचा समाज तयार झाला. तोही बायसनच्या शिकारीत तरबेज होता. पेमिकन हा शब्द क्री भाषेतला असून त्याच्या मुळाशी ‘पिमी’, म्हणजे चरबी, हा शब्द आहे. पदार्थाला नाव मांसावरून न देता चरबीवरून दिले आहे, हे ध्यानात ठेवा. असे का केले असेल, ते पुढे कळेल.

मोठी शिकार झाली की शेकडो किलो मांस एकदम हाती येई. उन्हाळ्यात ते दोन दिवसही टिकले नसते. मग हे मांस हिवाळ्यापर्यंत कसे पुरवायचे?

मांस नासते का?

ताज्या, चरबी नसलेल्या मांसात शंभरात सुमारे ७५ भाग पाणी असते. त्या पाण्यात प्रथिने व क्षार मिसळलेले असतात. सूक्ष्मजीवांना याहून चांगली मेजवानी कोणती? ते मांसावर बसतात, ओलाव्यातून अन्न शोषतात, वाढतात आणि मांस कुजवतात.

म्हणून मांसातले पाणी काढून घेतले की सूक्ष्मजीवांचे काम थांबते. पदार्थात एकूण पाणी किती आहे यापेक्षा सूक्ष्मजीवांना वापरता येईल असे मोकळे पाणी किती आहे, याला अधिक महत्त्व असते. शास्त्रज्ञ हे प्रमाण ० ते १ या मोजपट्टीवर मांडतात. शुद्ध पाणी म्हणजे १. ताजे मांस सुमारे ०.९९ वर असते. ०.९१ च्या खाली बहुतेक जीवाणूंची वाढ थांबते. स्टॅफिलोकोकस नावाचा चिवट जीवाणू मात्र ०.८६ पर्यंत तग धरतो. बुरशी त्याहूनही कोरड्या जागी वाढते. ०.६० च्या खाली कोणताच सूक्ष्मजीव वाढत नाही.

हे मोकळे पाणी कमी करण्याचे दोन मार्ग आहेत. पहिला मार्ग उघड आहे : ऊन, वारा किंवा मंद आच देऊन पाणी उडवून लावणे. दुसरा मार्ग मिठाचा किंवा साखरेचा. मीठ पाण्याला स्वतःशी बांधून ठेवते, आणि परासरणाने मांसातले व सूक्ष्मजीवांच्या पेशींतले पाणी बाहेर ओढते. कोकणात बोंबील वलांडीवर वाळत घालतात तो पहिला मार्ग. मासे खारवतात तेव्हा दुसरा मार्गही जोडीला येतो. कैरी मिठात घालून ठेवली की बरणीत पाणी सुटते, ते याच कारणाने.

पेमिकन कसे करीत?

मैदानातील लोकांजवळ मीठ फारसे नव्हते. त्यामुळे त्यांनी पहिला मार्ग निवडला. शिकार बहुधा पुरुष करीत, पण त्यानंतरचे सारे कौशल्याचे काम स्त्रियांचे असे.

प्रथम मांसातली चरबी काढून टाकत. मग धारदार सुरीने मांसाचे पातळ, लांब पापुद्रे काढून लाकडी मांडवावर टांगत. पापुद्रा पातळ असला की त्याचा पृष्ठभाग वाढतो आणि आतले पाणी लवकर बाहेर पडते. खाली धुराची मंद आच असे. धुरामुळे माशा दूर राहत, आणि धुरातील फिनॉलसारखी द्रव्ये सूक्ष्मजीवांना थोडीफार रोखत. दोन-तीन दिवसांत मांस लाकडासारखे कडक होई. मग ते कातड्यावर पसरून दगडी हातोड्यांनी कुटत. त्याचा तंतुमय भुगा होई.

आता चरबीची पाळी. काढून ठेवलेली चरबी भांड्यात मंद आचेवर कढवत. आपण लोणी कढवून तूप करतो, अगदी तसेच. लोण्यात पाणी व दुधातील घन अंश असतात, म्हणून ते लवकर बिघडते. कढवल्यावर पाणी उडून जाते, बेरी खाली बसते आणि तूप महिनोन्‌महिने टिकते. चरबीचेही तसेच होते. शिवाय हाडे फोडून व उकळून मिळणारी मज्जेची मऊ चरबी तर फारच मोलाची समजत.

भुगा आणि वितळलेली चरबी साधारण निम्मीनिम्मी घेऊन कालवत. ऐपतीप्रमाणे व हंगामाप्रमाणे त्यात सॅस्कटून नावाच्या झुडपाची वाळवलेली गोडसर फळे घालत. हे मिश्रण बायसनच्या कच्च्या कातड्याच्या पिशवीत गरम असतानाच ठासून भरत, तोंड शिवत आणि शिवणींवर चरबी ओतून त्या बंद करत. थंड झाल्यावर पिशवीतला ऐवज दगडासारखा घट्ट होई. अशा एका पिशवीचे वजन सुमारे ४० किलोग्रॅम भरे.

चरबीचे येथे दोन उपयोग झाले. एक, ती प्रत्येक तंतूभोवती बसते आणि बाहेरचा ओलावा व हवा आत येऊ देत नाही. हवेतील ऑक्सिजन पोचला नाही की चरबी लवकर खवट होत नाही. नीट बांधलेली पिशवी त्यामुळे काही वर्षेही टिके. दुसरा उपयोग पोषणाचा. त्यासाठी कागद-पेन्सिल घेऊन बसू या.

हिशेब करून पाहू

एक किलोग्रॅम, म्हणजे १००० ग्रॅम, ताजे मांस घ्या. त्यात साधारण असे घटक असतील :

पाणी ७५० ग्रॅम
प्रथिने २२० ग्रॅम
स्निग्ध पदार्थ २० ग्रॅम
क्षार वगैरे १० ग्रॅम

जंगली जनावराचे मांस असे ‘कोरडे’ का असते? ते जनावर सतत चालते, पळते. गोठ्यात बांधून खुराक खात नाही. म्हणून हरीण, ससा, बायसन यांच्या स्नायूंत चरबी थोडी असते.

आता हे मांस इतके वाळवा की त्यात शंभरात १० भागच पाणी उरेल. घन पदार्थ २५० ग्रॅम आहेत. ते एकूण वजनाचे ९० टक्के झाले, म्हणून वाळलेले वजन २५० भागिले ०.९, म्हणजे सुमारे २७८ ग्रॅम. एक किलोचे पाव किलोहून थोडे जास्त! ओझे जवळजवळ पाऊणपट कमी झाले, आणि प्रथिने, लोह, जस्त ही पोषकद्रव्ये मात्र जवळपास तेवढीच राहिली.

एक ग्रॅम प्रथिनापासून ४ आणि एक ग्रॅम स्निग्ध पदार्थापासून ९ किलोकॅलरी ऊर्जा मिळते. तेव्हा २२० ग्रॅम प्रथिनांपासून ८८० आणि २० ग्रॅम स्निग्ध पदार्थापासून १८०, अशा एकूण १०६० किलोकॅलरी या २७८ ग्रॅममध्ये आहेत. शंभर ग्रॅमला सुमारे ३८०. यातली ८३ टक्के ऊर्जा एकट्या प्रथिनांतून येते. हा आकडा लक्षात ठेवा.

आता पेमिकन. १०० ग्रॅम पेमिकनमध्ये ५० ग्रॅम वाळलेले मांस आणि ५० ग्रॅम चरबी धरू. मांसाचे १९० आणि चरबीचे ४५०, मिळून ६४० किलोकॅलरी. यात प्रथिने सुमारे ४० ग्रॅम, म्हणजे ऊर्जेतला त्यांचा वाटा फक्त २५ टक्के.

वजन तेवढेच, पण ऊर्जा जवळजवळ पावणेदोनपट. पाठीवर किंवा होडीत ओझे वाहणाऱ्याला याची किंमत विचारा!

कोड्याचे उत्तर

आता आपल्या सशांच्या शिकाऱ्याकडे वळू. प्रथिनांचे पचन झाल्यावर त्यांतील नायट्रोजन शरीराबाहेर टाकावा लागतो. यकृत त्याचा युरिया बनवते व मूत्रपिंडे तो लघवीवाटे बाहेर टाकतात. पण यकृताची युरिया बनवण्याची शक्ती अमर्याद नाही. रोजच्या ऊर्जेपैकी सुमारे ३५ ते ४० टक्क्यांहून अधिक ऊर्जा प्रथिनांतून घेतली की शरीराला ते झेपत नाही. रक्तात नको असलेली नायट्रोजनयुक्त द्रव्ये साठू लागतात; मळमळ, अतिसार व थकवा येतो.

समजा, त्या माणसाला दिवसाला २५०० किलोकॅलरी हव्यात. त्यातल्या ४० टक्के, म्हणजे १०००, प्रथिनांतून चालतील. त्यासाठी २५० ग्रॅम प्रथिने लागतील. पण सशाच्या कोरड्या मांसात ८३ टक्के ऊर्जा प्रथिनांचीच असल्यामुळे २५० ग्रॅम प्रथिनांबरोबर त्याला एकूण १२०० किलोकॅलरीच मिळतील. गरजेच्या निम्म्याहूनही कमी! जास्त खाल्ले तर विषबाधा, कमी खाल्ले तर उपासमार. चरबी, पिष्ट पदार्थ किंवा साखर यांपैकी काहीतरी जोडीला हवेच. मैदानात धान्य नव्हते. म्हणून तेथल्या लोकांनी चरबी निवडली. पेमिकनचे नाव चरबीवरून का पडले, ते आता कळले ना?

चार्ल्स डार्विन दक्षिण अमेरिकेत फिरत असताना, १८३३ च्या सुमारास, त्याने पाहिले की तेथले गुराखी केवळ मांसावर राहतात, पण चरबी भरपूर खातात व कोरडे मांस त्यांना आवडत नाही. नियम ठाऊक नसला तरी शरीराने तो ओळखला होता.

१९२८ मध्ये न्यूयॉर्कच्या बेलव्ह्यू रुग्णालयात याची परीक्षाही झाली. ध्रुवप्रदेशाचा प्रवासी विल्यालमुर स्टेफान्सन आणि त्याचा सहकारी कार्स्टेन अँडरसन यांनी वैद्यांच्या देखरेखीखाली वर्षभर केवळ मांसाहार करण्याचे ठरवले. सुरुवातीला स्टेफान्सनला मुद्दाम चरबीविरहित मांस देण्यात आले. थोड्याच दिवसांत त्याचे पोट बिघडले व अशक्तपणा आला. आहारात चरबी वाढवताच तो बरा झाला. या प्रयोगात माणसे दोनच होती. तेव्हा त्यावरून ‘केवळ मांसाहार सर्वांना चांगला’ असा निष्कर्ष काढता येणार नाही. पण प्रथिनांना मर्यादा आहे, एवढे त्यातून स्पष्ट दिसले.

पेमिकनमध्ये काय नाही?

पेमिकनमध्ये लोह आहे, आणि मांसातील लोह आपल्या आतड्यात धान्य-भाजीतील लोहापेक्षा सहज शोषले जाते. वनस्पतीत न मिळणारे ब-१२ जीवनसत्त्वही त्यात आहे. पण क जीवनसत्त्व जवळजवळ नाही. ताज्या मांसात व विशेषतः यकृतात ते थोडे असते. वाळवताना व तापवताना ते नष्ट होते. मैदानातले लोक ताजे यकृत, रानफळे व रानगुलाबाची फळे खात, म्हणून त्यांचे निभावत असे.

दक्षिण ध्रुवाकडे गेलेल्या प्रवाशांनी पेमिकन नेले, पण ही जोड नेली नाही. कॅप्टन स्कॉटच्या १९१० ते १९१३ या मोहिमेत गोमांसाचे पेमिकन व बिस्किटे हा मुख्य आहार होता. त्या मोहिमेतील लेफ्टनंट एडवर्ड इव्हान्स १९१२ मध्ये परतीच्या वाटेवर स्कर्व्हीने इतका आजारी पडला की सोबत्यांना त्याला घसरगाडीवर घालून ओढावे लागले. तो वाचला. स्कॉट व त्याचे चार साथी ध्रुवावरून परतताना मृत्युमुखी पडले. त्यांच्या मृत्यूला थंडी, थकवा अशी अनेक कारणे होती. पण घसरगाड्या स्वतः ओढणाऱ्या माणसांना लागणारी ऊर्जा त्या शिध्यातून पुरी पडत नव्हती, हे आता हिशेबाने दाखवता येते.

पातेल्यातले पेमिकन

पेमिकन खायचे कसे? घाईत असलेला प्रवासी कुऱ्हाडीने तुकडा तोडून तसाच चघळत असे. मुक्कामाला वेळ असला तर दोन पदार्थ होत. पहिला ‘रबाबू’. पाण्यात पेमिकनचा तुकडा टाकून उकळायचे, दाटपणासाठी थोडे पीठ लावायचे, आणि मिळाले तर बटाटे, कांदे, रानकंद टाकायचे. आपल्या पिठल्यासारखेच, हाताशी जे असेल त्यावर होणारे हे सार. दुसरा पदार्थ परतलेल्या पेमिकनचा, त्याला ‘रूसो’ म्हणत. पेमिकन तव्यावर टाकले की त्यातलीच चरबी वितळते. त्यात कांदा व पीठ परतायचे. फोडणीला वेगळे तेल नको!

शिजवण्याचा फायदा चवीपुरता नव्हता. पीठ व कंद घातल्यावर पिष्ट पदार्थांची भर पडे, आणि उकळल्यामुळे वाळवणात उरलेले जंतूही मरत.

मीठ, व्हिनेगर आणि धने

मीठ जेथे मिळते तेथे काय करतात? दक्षिण आफ्रिकेत स्प्रिंगबॉक, कुडू अशा हरिणवर्गीय प्राण्यांचे, तसेच शहामृगाचे व गाईचे मांस खारवून ‘बिलटाँग’ करतात. हा डच शब्दांचा जोड आहे : ‘बिल’ म्हणजे पुठ्ठ्याचे मांस व ‘टाँग’ म्हणजे जीभ किंवा पट्टी. मांसाच्या जाड पट्ट्या व्हिनेगरमध्ये बुडवतात, त्यांना मीठ, मिरी आणि भाजून भरडलेले धने चोळतात, आणि हिवाळ्याच्या कोरड्या हवेत टांगतात. धूर देत नाहीत. आपल्या मसाल्याच्या डब्यातले धने हीच बिलटाँगची खास ओळख आहे.

येथे तीन पहारेकरी एकत्र काम करतात. मीठ पाणी बांधते, व्हिनेगरचे आम्ल जीवाणूंना वाढू देत नाही, आणि वारा पाणी उडवतो. कधी कधी सोराही किंचित वापरतात. सोऱ्यातील नायट्रेटचे नायट्राइट होते. ते बॉट्युलिझम या घातक विषबाधेच्या जीवाणूला रोखते व मांसाला गुलाबी रंग देते.

बिलटाँग आडव्या धाग्यांवर पातळ कापून तसेच खातात, किसून पावावर पसरतात किंवा रश्शात टाकतात. पण एक हिशेब विसरू नका. समजा, एक किलो मांसाला २५ ग्रॅम मीठ लावले. वाळून वजन निम्मे झाले, तर मिठाचे प्रमाण अडीच टक्क्यांवरून पाच टक्क्यांवर जाते. म्हणजे १०० ग्रॅम बिलटाँगमध्ये ५ ग्रॅम मीठ. जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्यानुसार प्रौढ माणसाने दिवसभरात एकूण मीठ याहून कमीच खावे. याच संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने २०१५ मध्ये खारवलेले, धुरी दिलेले असे प्रक्रिया केलेले मांस कर्करोगकारक पदार्थांत घातले. रोज ५० ग्रॅम खाल्ल्यास मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका सुमारे १८ टक्क्यांनी वाढतो. प्रवासाची शिदोरी रोजचे जेवण झाली की असे होते.

वाळवले म्हणजे जंतू मेले, असेही समजू नये. वाळवण्याने त्यांची वाढ थांबते. काही जिवंत राहतात. १९९५ मध्ये अमेरिकेतील ओरेगॉन राज्यात हरणाच्या वाळवलेल्या मांसातून ई. कोलाय या जीवाणूची बाधा ११ जणांना झाली. रानडुक्कर व अस्वल यांच्या मांसातील ट्रायकिनेला या कृमीच्या अळ्या नुसत्या खारवण्याने किंवा धुरी देण्याने खात्रीने मरत नाहीत. म्हणून आता तज्ज्ञ सांगतात, की मांस आधी ७१ अंश सेल्सिअसपर्यंत तापवावे आणि मग वाळवावे.

शिदोरीवरून लढाई

अठराव्या शतकाच्या अखेरीस कॅनडात लोकरी कातड्यांचा व्यापार जोरात होता. नावाडी होड्या वल्हवत हजारो किलोमीटर जात. उत्तरेचा उन्हाळा आखूड. वाटेत शिकार करत बसले तर नद्या गोठण्यापूर्वी परतणे अशक्य. म्हणून व्यापारी कंपन्या पेमिकनच्या पिशव्या विकत घेत. एका नावाड्याला दिवसाला सुमारे पाऊण किलो पेमिकन पुरे. आपल्या हिशेबाने ते ४८०० किलोकॅलरी होतात. तेवढी ऊर्जा चरबीविरहित ताज्या मांसातून मिळवायची तर साडेचार किलो मांस लागले असते!

पेमिकन म्हणजे त्या व्यापाराचे इंधनच होते. जानेवारी १८१४ मध्ये रेड रिव्हर वसाहतीचा गव्हर्नर माइल्स मॅकडोनेल याने आपल्या वसाहतकऱ्यांची उपासमार होऊ नये म्हणून तेथून पेमिकन बाहेर नेण्यास वर्षभर बंदी केली. मेटी शिकारी व नॉर्थ वेस्ट कंपनी खवळली. तंटा वाढत गेला आणि १९ जून १८१६ रोजी सेव्हन ओक्स येथे चकमक होऊन नवा गव्हर्नर रॉबर्ट सेंपल व त्याचे वीस साथी ठार झाले. मेटींचा एक माणूस पडला. १८२१ मध्ये नॉर्थ वेस्ट कंपनी प्रतिस्पर्धी हडसन्स बे कंपनीत विलीन झाली.

याहून मोठी शोकांतिका पुढे घडली. एके काळी बायसनची संख्या तीन ते सहा कोटी असावी असा अंदाज आहे. पेमिकनच्या व्यापाराने कळपांवर ताण आलाच होता. १८७० नंतर लोहमार्ग आले, कातड्यांना कारखान्यांतून मागणी आली, आणि लाखो जनावरे केवळ कातड्यासाठी मारून मांस मैदानात सडत टाकले गेले. १८८९ च्या सुमारास साऱ्या खंडात हजाराच्या आसपास बायसन उरले. ज्या लोकांनी एका जनावराचा कणन्‌कण टिकवण्याची विद्या शोधली होती, त्यांच्यावरच उपासमारीची पाळी आली. विद्या होती, पण टिकवायला मांसच उरले नाही. आज संरक्षणामुळे काही लाख बायसन आहेत. त्यांतले बहुतेक खासगी कुरणांवर पाळलेले आहेत.

आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे वन्य प्राण्यांच्या शिकारीस बंदी आहे, आणि ते योग्यच आहे. अन्न टिकवण्याच्या शास्त्राआधी अन्नाचा झरा टिकवावा लागतो, हा बायसनचा धडा आहे.

करून पहा

बटाट्यातही शंभरात ७५ ते ८० भाग पाणी असते, म्हणून मांसाऐवजी तो प्रयोगाला चालेल. बटाट्याच्या पातळ चकत्या करून १०० ग्रॅमचे दोन ढीग करा. पहिला तसाच ठेवा, दुसऱ्याला एक चमचा मीठ चोळा. अर्ध्या तासाने कोणत्या ताटलीत पाणी सुटले ते पाहा. दोन्ही ढीग निथळून, फडक्याने झाकून उन्हात वाळवा. रोज एकाच वेळी वजन करून तक्ता भरा. सलग दोन दिवस वजन बदलले नाही की थांबा. किती टक्के पाणी गेले? बटाट्याची एक जाड फोडही शेजारी ठेवा आणि ती वाळायला किती दिवस लागतात ते नोंदवा.

विचार करा

१. दहा किलो चरबीविरहित मांस वाळवून त्यात १० टक्के पाणी ठेवले, तर वजन किती भरेल?

२. पेमिकनमध्ये चरबी न कढवता तशीच घातली असती तर काय झाले असते?

३. शेंगदाणे व गूळ यांचा लाडू प्रवासात चांगला का? त्यातील पाणी, स्निग्ध पदार्थ व प्रथिने यांचा विचार करून उत्तर लिहा. त्यात कोणते जीवनसत्त्व कमी पडेल, आणि शिदोरीत जोडीला काय घ्याल?